वाटीची तार

संपादक महाशय,

गुडघ्याच्या फुटलेल्या वाटीत बसविलेली तार पुढे टोचते, सबब शस्त्रक्रियाच निरर्थक, हा आपल्या पत्रलेखकाचा निष्कर्ष ग्राह्य नाही. शस्त्रवैद्य लिस्टरने १८७७ साली लंडनमध्ये चांदीच्या तारेने वाटी सांधली, ती मांडीचा बलाढ्य स्नायू वरचा तुकडा सतत खेचीत असतो म्हणूनच. तुकडे सरकले नसून रोग्यास पाय सरळ उचलता येत असेल, तर प्लास्टर खुशाल घालावे; परंतु फट पडली असता, वाटीतून घातलेल्या दोन सळ्यांभोवती इंग्रजी आठच्या आकाराने आवळलेली तार गुडघा वाकविताना सांध्याकडील कडा परस्परांवर दाबून धरते, ही तिची खुबी. वरील कातडी पातळ असल्याने सळईचे टोक बोचते खरे. हाड जुळल्यावर तार व सळ्या काढता येतात. गुडघा आखडणे मला अधिक गंभीर वाटते, आणि त्याचा दोष पुष्कळदा तारेकडे नसून लांबणीवर टाकलेल्या व्यायामाकडे जातो.

आपला,
एक वाचक