काचेच्या पेटीतले गौडबंगाल

म्हापसा, पणजी वा मडगावच्या बाजारात शोभिवंत माशांच्या दुकानात पाऊल टाकले की मासे नंतर दिसतात, आधी नजरेत भरतात त्या बाटल्या. एकीवर लिहिलेले असते की पेटी आज भरा आणि मासेही आजच सोडा. दुसरी वापरली तर पाणी महिनोन्महिने बदलावे लागत नाही म्हणे. तिसरी माशांची प्रतिकारशक्ती वाढवते आणि चौथी एकाच मात्रेत सारे रोग बरे करते. बाटलीच्या आत काय आहे, हे मात्र बहुधा शोधूनही सापडत नाही. ज्या मुलाच्या हट्टापायी ही पेटी घरात आली, त्याचे मासे आठ-पंधरा दिवसांत पोट वर करून तरंगू लागतात. वडील पुन्हा दुकानाची पायरी चढतात आणि दुकानदार त्यांच्या हाती आणखी एक बाटली ठेवतो. घरावरचे अरिष्ट माशाने स्वतःवर घेतले, असे म्हणून मुलाची समजूत घालणारेही आपल्याकडे पुष्कळ आहेत. विक्रेत्याला याहून सोयीची समजूत दुसरी नसेल!

राज्यापुढे मोठमोठे प्रश्न उभे असता संपादकीय स्तंभात माशांच्या बाटल्यांचा काथ्याकूट कशासाठी, असे कोणी विचारील. फसवणूक दोनशे-चारशे रुपयांची असली की तिची कोणी तक्रार करीत नाही, आणि तक्रार होत नाही म्हणूनच ती निर्वेध चालते. शिवाय या बाटल्यांच्या शेजारीच प्रतिजैविकांच्या पुड्याही विकल्या जातात. त्यांचा परिणाम काचेच्या पेटीपुरता राहत नाही.

या जाहिरातींचे मर्म कळण्यासाठी पेटीतले पाणी कसे बिघडते ते पाहिले पाहिजे. मासा आपल्या कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो, आणि उरलेले खाद्य कुजले की त्यात भर पडते. हा अमोनिया माशाला विषासमान असतो, आणि पाणी जितके उष्ण व अल्कधर्मी तितका तो अधिक घातक होतो. तळाची वाळू आणि गाळणीचा स्पंज यांवर वाढणारे सूक्ष्मजीव या अमोनियाचे आधी नायट्राईटमध्ये आणि मग तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या पेटीत हे जीव नसतात. ते पुरेसे वाढण्यास तीन ते सहा आठवडे लागतात. लोणचे मुरावे लागते तशी पेटीही मुरावी लागते. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून विहिरीत सोडलेले गप्पी मासे कोणत्याही बाटलीवाचून वर्षानुवर्षे जगतात, ते पाणी विपुल असते आणि चिऱ्यांवर हे सूक्ष्मजीव आधीच वस्तीला असतात म्हणून. बाजार विकतो तो या सहा आठवड्यांच्या प्रतीक्षेवरचा तोडगा.

हा तोडगा कितपत खरा? बाटलीबंद जीवाणू विकणाऱ्यांनी अनेक वर्षे नायट्रोबॅक्टर या जीवाणूचे नाव पुढे केले. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले की गोड्या पाण्याच्या पेटीत नायट्राईटचे काम करणारा जीव नायट्रोबॅक्टर नसून नायट्रोस्पायरा जातीचा आहे. या संशोधनात याच व्यवसायातील एका अमेरिकन कंपनीच्या शास्त्रज्ञाचा पुढाकार होता, हे सांगणे न्यायाचे होईल. २०११ साली आढळले की गोड्या पाण्याच्या बहुतेक पेट्यांच्या गाळण्यांत अमोनियावर काम करणारे प्रमुख जीव जीवाणूसुद्धा नव्हेत, ते आर्किया नावाच्या निराळ्या वर्गातले आहेत. २०१५ साली तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचे सारे काम एकट्याने करणारा नायट्रोस्पायरा सापडला. शास्त्रज्ञ आपले म्हणणे असे वेळोवेळी दुरुस्त करीत असता बाटलीवरचे आश्वासन तेवढे कधी डळमळले नाही.

सर्वच बाटल्या खोट्या आहेत असे आमचे म्हणणे नाही. योग्य जातीचे जिवंत जीव ताजे असताना व थंडाव्यात राखून विकले, तर पेटी मुरण्याचा काळ कमी होऊ शकतो. परंतु हे जीव बीजाणू धरून तग धरीत नाहीत. मे महिन्याच्या उकाड्यात पत्र्याच्या गोदामात पडून राहिलेल्या बाटलीत त्यांपैकी किती जिवंत राहत असतील याचा विचार ग्राहकानेच करावा. बीजाणू धरून टिकतात ते बॅसिलस वर्गाचे जीवाणू, म्हणून अनेक उत्पादक तेच भरतात. ते कुजका गाळ खातात. अमोनियावर जगणाऱ्या सूक्ष्मजीवांची जागा ते घेऊ शकत नाहीत. वेष्टणावर दोहोंसाठी शब्द एकच असतो, ‘उपयुक्त जीवाणू’.

याहून चतुर प्रकार म्हणजे एका बाटलीने दुसरीची गरज निर्माण करणे. पाण्याची आम्लता स्थिर ठेवणाऱ्या काही द्रव्यांत फॉस्फेट असते, आणि फॉस्फेट हे शेवाळाचे खाद्य. शेवाळ माजले की शेवाळनाशक घ्यावे लागते. त्यात तांबे असेल तर पेटीतल्या गोगलगायी आणि झिंगे मरतात, शेवाळ आणि त्या कुजू लागतात, अमोनिया चढतो, आणि त्यावरही बाटली तयारच असते. जी द्रव्ये खरोखर गुणकारी आहेत, ती मात्र स्वस्त आणि जुनी. नळाच्या पाण्यातला क्लोरिन घालवणारे सोडियम थायोसल्फेट म्हणजे फोटोग्राफरांचा जुना ‘हायपो’. एक मिलिग्रॅम क्लोरिनला तो सुमारे सात मिलिग्रॅम पुरतो. साध्या मिठातील क्लोराईड नायट्राईटला माशाच्या रक्तात शिरू देत नाही, हेही सिद्ध आहे. पण तेच मीठ निळा रंग देऊन चिमूटभर पुडीत विकले जाते, आणि मिठागरांच्या या प्रदेशातला ग्राहक ते निमूटपणे विकत घेतो.

औषधांची गोष्ट याहून गंभीर. माशाच्या अंगावर पांढरे ठिपके आणणारा परजीवी कातडीखाली असेपर्यंत कोणतेही नेहमीचे औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तो पाण्यात मोकळा पोहतो त्या अवस्थेतच तो मारता येतो. म्हणून मात्रा काही दिवस पुन्हा पुन्हा द्यावी लागते, आणि ‘एका मात्रेत बरा’ हा दावा त्याच्या जीवनक्रमाशीच विसंगत आहे. टेट्रासायक्लिनसारखी प्रतिजैविके तर कोणत्याही पशुवैद्याला न विचारता ओतली जातात. पुढे ते पाणी गटारात आणि गटारातून ओहोळात जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०२३ मध्ये शोभिवंत माशांसाठी विनामंजुरी प्रतिजैविके विकणाऱ्या कंपन्यांना इशाऱ्याची पत्रे पाठवली. आपल्याकडे कोळंबी संवर्धनातल्या अशाच द्रव्यांना ती प्रतिजैविकमुक्त असल्याचे प्रमाणपत्र किनारी जलसंवर्धन प्राधिकरण देते, कारण परदेशी ग्राहक माल परत पाठवतो. दिवाणखान्यातल्या माशाची निर्यात होत नाही, हाच काय तो त्याचा अपराध!

यासाठी नवा कायदा मागण्याची आवश्यकता नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० सालचा. त्यातील ‘औषध’ या शब्दाच्या व्याख्येत प्राण्यांसाठीची औषधेही येतात. रोग बरा करण्याचा दावा करणारी बाटली परवान्याविना विकली जात असेल, तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने दुकानांत जाऊन ती तपासली पाहिजे, आणि हे काम उद्याही सुरू करता येईल. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये केंद्रीय प्राधिकरण दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत, आणि गुन्हा पुन्हा घडल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकते. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार जाहिरातीतल्या दाव्याला पुरावा असलाच पाहिजे. उणीव आहे ती एकाच ठिकाणी. वजनमापाच्या नियमांनुसार वेष्टणावर उत्पादकाचे नाव, वजन, किंमत आणि महिना-वर्ष छापावे लागते. घटकांची यादी छापण्याची सक्ती खाद्यपदार्थांना आहे, या बाटल्यांना नाही. केंद्र सरकारने ती लागू करावी, आणि जीवाणूंच्या बाटलीवर जीवाणूची जात व ती कोणत्या तापमानात ठेवावी हेही छापायला लावावे.

तोवर पालकांनी बाटलीऐवजी अमोनिया व नायट्राईट मोजण्याचा संच घ्यावा, पहिले सहा आठवडे पेटीत दोन-तीनच मासे ठेवावेत, आणि दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. बाटली घेतलीच तर बिल मागून घ्यावे आणि वेष्टणावरच्या मजकुराचे छायाचित्र काढून ठेवावे. राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क पडत नाही, आणि वकीलही लागत नाही.