डबा बंद नाहीये!

दिवाळीची साफसफाई निघाली की माळ्यावरचा जुना टीव्ही खाली उतरतो. मागे ढेरी सुटलेला, उचलायला दोघं लागणारा. 'चालू आहे का?' भंगारवाला विचारतो. 'छे, कधीचा बंद आहे,' घरचे सांगतात. यंदा हे उत्तर देण्याआधी एकदा पिन लावून बघा. पडद्यावर मुंग्या दिसल्या किंवा कोरा निळा रंग आला, तर टीव्ही बंद नाहीये. दाखवायला त्याच्याकडे काही उरलं नाहीये, एवढंच.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं, 1982 मध्ये टीव्हीवर रंग आले. छतावरच्या अँटेनाने पकडायचं दूरदर्शनचं जुनं ॲनालॉग प्रक्षेपण मार्च 2022 पर्यंत जवळपास सगळीकडे थांबलं. म्हणजे गेला तो सिग्नल. तो द्यायला आता आपल्याकडे इंटरनेट आहे की!

करायचं काय, तर टीव्हीला पिवळी-पांढरी-लाल भोकं आहेत का बघा. असली तर एक स्ट्रीमिंग स्टिक आणि 'एचडीएमआय टू एव्ही' कन्व्हर्टर, बस्स. घेताना नाव नीट वाचा. 'एव्ही टू एचडीएमआय' हा बरोब्बर उलटा डबा असतो आणि निम्मी मंडळी तोच घेऊन येतात. कन्व्हर्टरवर छोटं बटण असतं, ते 'पाल'वर ठेवा. चुकलं तर चित्र काळं-पांढरं येतं किंवा वर-खाली पळतं. टीव्हीला आवाजाचं एकच भोक असेल तर पांढरी पिन लावा. आवाज एकाच बाजूचा येईल, पण येईल. पैसे भरून बघायची काही ॲप्स अशा जोडणीला नकार देतात, यूट्यूब सहसा चालतं. नुसती अँटेनाची जागा असलेल्या सेटला मध्ये आरएफ मॉड्युलेटर लागतो. घरात जुना व्हीसीआर असेल तर तोही हे काम करतो. आणि इंजिनीअरिंगवाल्यांनो, ड्रॉवरमध्ये रास्पबेरी पाय 3 पडला असेल तर कन्व्हर्टरही नको. त्याच्या हेडफोनच्या भोकातून चित्रसुद्धा बाहेर येतं. फक्त केबल योग्य हवी.

आता दिसतं कसं? पालमध्ये चित्राच्या दिसणाऱ्या ओळी 576. त्यामुळे फुल एचडीच्या 1080 ओळी त्यात दाटीवाटीने बसतात. कोडिंगचं ट्यूटोरियल लावू नका, एक अक्षर वाचता येणार नाही. कडा थोड्या कापल्या जातात, कधी सबटायटलही. आजचा आडवा व्हिडिओ कधी वर-खाली काळ्या पट्ट्या घेऊन येतो आणि रील तर मधोमध उभ्या फळीसारखं दिसतं. पण दूरदर्शनची जुनी रेकॉर्डिंग्ज लावा. ती याच 4:3 चौकटीसाठी केलेली. एलईडीवर तेच चित्र फुटकं आणि पिक्सेलवालं वाटतं, इथे मऊ आणि जिवंत दिसतं. आजी 'अगं, हा आपलाच टीव्ही ना?' म्हणत येऊन बसते, तो बोनस.

याला कुणी रेट्रोचं फॅड म्हणेल. म्हणू दे. आमचा मुद्दा भंगाराचा आहे. या टीव्हीच्या नळीच्या मागच्या काचेत शिसं असतं. भंगारात तांब्याच्या गुंडाळीसाठी नळी फोडली जाते. ती फोडणारा आपल्याच वयाचा एखादा पोरगा असतो आणि बहुतेक वेळा त्याच्या हातात मोजेही नसतात. चालू सेट आपण शे-दोनशे रुपयांसाठी त्या वाटेला का लावायचा?

अर्थात, रोजचा टीव्ही म्हणून तो वापरा असं आम्ही सांगणार नाही. तो वीज एलईडीपेक्षा जास्त खातो. आणि मागचं झाकण मात्र अजिबात उघडू नका. रंगीत नळीत वीसेक हजार व्होल्ट खेळतात आणि पिन काढल्यावरही काही काळ आत चार्ज राहतो. चित्र आक्रसलं किंवा आवाज गेला तर गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या काकांना बोलवा. हा सेट हाताळता येणारी माणसं आता कमी उरलीत. जमलं तर शेजारी उभं राहून बघा, विचारा, ते सांगतात.

एवढं करूनही पडदा काळाच राहिला, तर टीव्ही अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्या. तिथे पैसे भंगारवाल्यापेक्षा कमी मिळतील, कदाचित मिळणारही नाहीत. तरी तिथेच द्या.