हसविणारीचे मोल

स्नेहसंमेलनाचा हंगाम जवळ आला की रिसोडसारख्या तालुक्याच्या गावी एकांकिकांच्या तालमी सुरू होतात आणि बहुधा दरवर्षी एकच अडचण पुढे उभी राहते. जिजाऊसाहेबांच्या किंवा सावित्रीबाईंच्या भूमिकेसाठी मुलींची वाण पडत नाही. सोशिक सुनेच्या भूमिकेलाही कुणी ना कुणी तयार होते. परंतु कजाग घरमालकीण, बहिरी आत्या किंवा बोलभांड मोलकरीण म्हटली की मुली माना खाली घालतात. घरून परवानगी मिळणार नाही हे एक कारण. उद्या सारे कॉलेज त्याच नावाने हाक मारील ही धास्ती हे दुसरे. अखेर एखाद्या दांडग्या मुलाला लुगडे नेसविले जाते, त्याच्या पहिल्याच पावलाला मंडप हशाने दणाणतो आणि या व्यवहारात काही गमावले गेले असे कुणाला वाटतही नाही.

या सवयीला परंपरेचा आधार आहे. तमाशातील गौळणीत कृष्णाशी हुज्जत घालणारी, फटकळ तोंडाची मावशी ही पुरुषानेच वठवायची, असा दंडकच होता. राधा स्त्री झाली तरी मावशी पुरुषच राहिली. संगीत नाटकाच्या काळी नायिकाही पुरुषच होत. पुढे स्त्रिया रंगभूमीवर आल्या आणि नायिकेची जागा त्यांना मिळाली. विनोदाची जागा मात्र इतक्या सहजासहजी सुटली नाही. रूप दाखविणे, गाणे, रडणे या गोष्टी बाईने केल्या तर समाज नाके मुरडून का होईना, त्या मान्य करतो. तिने स्वतःचे हसे करून घ्यावे आणि त्या हशाची सूत्रे स्वतःच्या हाती ठेवावीत, हे त्याला अधिक जड जाते.

शुभा खोटे यांची कारकीर्द या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. १९३७ साली जन्मलेल्या शुभाताईंच्या घरात अभिनय होता. वडील नंदू खोटे हे रंगभूमीवरचे आणि मूकपटांच्या जमान्यातील नट. काकू दुर्गाबाई खोटे. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'मध्ये तारामती उभी करून दुर्गाबाईंनी सुशिक्षित घरातील स्त्रियांना चित्रपटाचा दरवाजा उघडून दिला, हे सर्वश्रुत आहे. पण तो दरवाजा राजस्त्रीसाठी उघडला होता. त्याच घरातील, विल्सन कॉलेजातून इंग्रजी साहित्य घेऊन पदवीधर झालेल्या मुलीने पडद्यावर धडपडावे, वेडीवाकडी तोंडे करावीत आणि चार आण्यांच्या प्रेक्षकाला खदखदून हसवावे, हे पाऊल एका अर्थी काकूंच्या पावलापेक्षाही धिटाईचे होते.

शुभा खोटे नट म्हणून येण्याआधी खेळाडू होत्या. पोहणे आणि सायकल या दोन्हींत त्यांनी अजिंक्यपदे मिळविलेली होती. अमिय चक्रवर्ती यांनी १९५५ च्या 'सीमा'मध्ये त्यांना घेतले आणि त्यांच्या सायकलचा चांगला उपयोग करून घेतला. नूतनच्या धुमसत्या गौरीशेजारी सुधारगृहातील ही पुतळी अठरा वर्षांची होती. खेळाडूचे शरीर हेच पुढे तिचे विनोदाचे भांडवल ठरले. त्या काळी हिंदी पडद्यावर विनोदी स्त्री म्हणजे टुणटुण असे समीकरण होते. उमादेवी या नावाने १९४७ च्या 'दर्द'मध्ये गाणारी ती गुणी गायिका, पण लेखकांनी तिच्या वाट्याला बहुतेक वेळा एकच विनोद दिला: तिचा देह. ती दारातून आत आली की विनोद झाला. पुढे तिने काय करावे याचा विचार कुणी केला नाही. शुभा खोटे यांच्यापाशी असा आयता विनोद नव्हता. त्यांना तो चालण्यातून, थबकण्यातून, वाक्य अर्ध्यावर गिळण्यातून तयार करावा लागला.

'छोटी बहन' (१९५९), 'ससुराल' (१९६१), 'दिल तेरा दीवाना' (१९६२), 'जिद्दी' (१९६४), 'लव्ह इन टोकियो' (१९६६) या चित्रपटांतून मेहमूदबरोबर त्यांची जोडी जमली. यांपैकी अनेक ठिकाणी मुलीचा हट्टी बाप म्हणून धुमाळ असत आणि मग त्या त्रिकुटाला मुख्य कथेची गरजच उरत नसे. मेहमूद हा उधळणारा घोडा. तो उड्या मारी, आवाज बदली, वेष पालटी. अशा नटासमोर उभे राहणे म्हणजे तयारीच्या गवयाला तबल्याची साथ करण्यासारखे आहे. ठेका ढळला तर तान हवेत विरून जाते, आणि ठेका नुसता बरोबर ठेवला तर साथ निर्जीव होते. प्रियकराच्या माकडचेष्टांवर शुभा खोटे खरोखर रागावत, खरोखर लाजत, खरोखर बापाला भीत. समोरची मुलगी खरी असल्यामुळेच मेहमूदचा सोंगाडेपणा शोभून गेला. धुमाळ आणि शुभा खोटे ही दोन मराठी माणसे त्या धुमाकुळाची जमीन होती, असे म्हटले तर मेहमूदच्या मोठेपणाला मुळीच बाध येत नाही.

आता प्रश्न असा की, या साथीचे मोल कुणी ठरवावे? बाजाराने ठरवावे असे म्हटले तर बाजारापाशी तसे मापच नाही. कापूस जिनिंगमध्ये गेला की रुई आणि सरकी दोन्ही निघतात. अर्थशास्त्र याला संयुक्त पुरवठा म्हणते. दोहोंचा उत्पादनखर्च वेगळा काढता येत नाही, पण वऱ्हाडातील शेतकऱ्याला ठाऊक असते की सरकीला निदान स्वतंत्र भाव आहे. तिकीटखिडकीवर तशी सोय नाही. नायक, नायिका, गाणी, हाणामारी आणि हशा या साऱ्यांचे मिळून एकच तिकीट फाटते. त्यातील किती पैसे हशाने आणले हे सांगता येत नाही. मग ज्याचे नाव पोस्टरवर मोठे, त्याने ते आणले असे गृहीत धरले जाते. हिंदी चित्रपटाच्या व्यापारात हा सारा मुलूख 'सी.पी.-बेरार' या जुन्या नावानेच ओळखला गेला आणि अमरावती, भुसावळ ही त्याच्या वितरणाची ठाणी होती. वितरकाच्या दृष्टीने विनोदी उपकथानक हा विमा असे. नायकनायिकेची कथा पडली तरी विनोदाने दोन आठवडे निघावेत. या विम्याचा लाभ पुढे मेहमूदला रास्तपणे मिळाला. त्याचे नाव पोस्टरवर आले, तो निर्माताही झाला. त्याच्या समोर उभी राहणारी स्त्री मात्र व्यापाराच्या हिशेबात बदलता येण्याजोगी वस्तू राहिली. तिची जागा पुढे दुसऱ्या नटींनी घेतली.

पारितोषिकांचा इतिहास याच गोष्टीची साक्ष देतो. १९६१ च्या चित्रपटांसाठी फिल्मफेअरच्या सहायक अभिनेत्रीच्या पारितोषिकाला जी तीन नामांकने होती, त्यांतील दोन एकट्या शुभा खोटे यांची होती: 'घराना' आणि 'ससुराल'. पारितोषिक तिसऱ्या नामांकनाला, 'छाया'तील निरूपा रॉय यांना मिळाले. निरूपाबाईंच्या गुणवत्तेविषयी वाद नाही. पण अश्रूंपुढे हशा हरला, एवढे खरे. पुढच्याच वर्षी 'दिल तेरा दीवाना'साठी मेहमूदला सहायक अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले. म्हणजे पुरुषाचा हशा जिंकू शकत होता.

इंग्लंडचा दाखला येथे उपयोगी पडतो. मार्गारेट रदरफोर्ड ही आधी पियानो आणि वक्तृत्व शिकविणारी बाई. वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, १९२५ साली, ती व्यावसायिक रंगभूमीवर आली. रूढ अर्थाने रूप नाही, हनुवटी भरघोस, अंगावर एखादा फडफडता डगला. ज्या वर्षांत शुभा खोटे मेहमूदची प्रेयसी म्हणून उभ्या होत्या, नेमक्या त्याच वर्षांत, १९६१ ते १९६४ या काळात, सत्तरीच्या आसपासची रदरफोर्ड चार चित्रपटांत मिस मार्पल या हेरबाईची मध्यवर्ती भूमिका करीत होती. आगाथा ख्रिस्तीने १९६२ ची आपली कादंबरी तिला अर्पण केली. १९६३ च्या एका चित्रपटातील सहायक भूमिकेसाठी तिला ऑस्कर मिळाले आणि १९६७ साली 'डेम' हा किताब. तिकडेही सारे आलबेल होते असे नाही; हॅटी जॅक्ससारख्या गुणी नटीला स्थूलपणाच्या थट्टेतून जन्मभर सुटका मिळाली नाही. परंतु म्हातारी, विचित्र, विनोदी बाई अख्खा चित्रपट पेलू शकते हे तेथील प्रेक्षकाने मान्य केले होते. आपल्याकडे साठीतल्या बाईला देव्हाऱ्यासमोरची जागा ठरलेली.

शुभा खोटे यांनी ती जागा मुकाट्याने घेतली नाही. १९८१ च्या 'एक दूजे के लिए'मध्ये त्यांनी नायिकेची आई केली, तीही धास्ती वाटावी अशी कठोर. १९९३ साली दूरदर्शनवर 'जबान संभाल के' आली. ही मालिका 'माइंड युवर लँग्वेज' या इंग्रजी मालिकेवर बेतलेली होती. मूळ मालिकेत झारा नटली या नटीने केलेली करड्या मुख्याध्यापिकेची भूमिका येथे शुभाताईंकडे आली. त्याच मालिकेत त्यांचे बंधू विजू खोटे होते आणि कन्या भावना बलसावर हीसुद्धा. पंकज कपूर वर्गात शब्दांच्या कसरती करी आणि दीक्षितबाई दार उघडून फक्त आत पाहत. तेवढ्यावर घराघरांत हशा पिकत असे. पुन्हा २०१८ साली मराठी 'बकेट लिस्ट'मध्ये त्या घरातील आजी म्हणून दिसल्या. 'सीमा'पासून मोजल्यास ही त्रेसष्ट वर्षे होतात.

त्यांच्याविषयी मराठीत सविस्तर, जाणकार लेखन किती झाले आहे, हे ग्रंथालयाच्या कपाटापाशी उभे राहून पाहावे. 'सोंगाड्या'तील रत्नमाला यांची गत याहून वेगळी नाही. दादा कोंडके यांच्यावर बोलताना तास पुरत नाही. ज्या 'आये'च्या नावाने ते हाक मारीत, ती कशी बोले, कशी थांबे, याबद्दल दोन वाक्येही निघत नाहीत. निर्मिती सावंत यांच्या गंगूबाईने नंतर बाईला विनोदाच्या मधोमध आणून बसविले हे खरे, पण तिला हसणारी किती घरे आपल्या मुलीला तशी भूमिका करू देतील?

तेव्हा यंदाच्या तालमीत घरमालकिणीची भूमिका आली तर लुगडे मुलासाठी शोधण्याआधी शिक्षकांनी वर्गातील त्या एका मुलीकडे पाहावे. ती प्रत्येक वर्गात असते. मधल्या सुटीत प्राध्यापकांच्या नकला करून मैत्रिणींना लोळवते आणि घंटा झाली की ओढणी सावरून गप्प बसते. तिच्या घरी जाऊन वडिलांशी बोलावे लागेल. ते नाही म्हणतील. त्यांना 'ससुराल' आठवत असेल, निदान त्यांच्या वडिलांना तरी आठवत असेल. बोलण्याला तेथून सुरुवात करता येईल.