हबशी ही शिवी कशी झाली?

‘लडकी अच्छी है, मगर रंग जरा दबा हुवा है.’ रिश्त्याची बोलणी ज्या घरात चालू असतील त्या घरात हे वाक्य ऐकू येते. बोलणारी बाई पाच वक्त नमाजी असते, बायोडेटावर वर ‘बिस्मिल्लाह’ लिहिलेले असते आणि खाली ‘रंग : गोरा’ अशी ओळ असते. मुलगी डी.एड. झालेली, कुरआन तजवीदने पढणारी, घरकामात हुशार. ती दाराआडून हे ऐकते. वर्गात याचीच लहान आवृत्ती आम्हाला रोज भेटते. सावळ्या मुलीला मुले ‘हबशन’ म्हणतात. विचारले, की बाळांनो, या शब्दाचा अर्थ काय? तर सांगतात, ‘काली, सर.’ हबश हा एक देश आहे, आजचा इथिओपिया आणि त्याच्या आसपासचा मुलूख, आणि हबशी म्हणजे त्या देशाचा माणूस, हे सांगितले की वर्ग गप्प होतो. शिवी म्हणून वापरलेला शब्द भूगोलाच्या पुस्तकातला निघाला की मुलांची थोडी पंचाईत होते.

हबश हे नाव तर आपण घरोघरी आदराने घेतो. मक्केत जुलूम वाढला तेव्हा मुस्लिमांची पहिली हिजरत मदीनेला नव्हे, हबशला झाली. तिथल्या ख्रिस्ती बादशहाने, नजाशीने, त्यांना आसरा दिला आणि कुरैशांचे वकील परत पाठवले. हजरत बिलाल (रजि.) यांची अजान सगळ्यांना ठाऊक असते. पण प्रेषितांना (स.) लहानपणी सांभाळणाऱ्या उम्मे ऐमन (रजि.) हबशी होत्या, हे आमच्या भगिनींपैकी कितीजणींना माहीत आहे? प्रेषित (स.) त्यांना आईसारखा मान देत. त्यांचे पुत्र उसामा (रजि.) रंगाने सावळे होते आणि विशीच्या आतबाहेर असताना त्यांच्या हाती मोठमोठे सहाबा असलेल्या लष्कराची कमान दिली गेली. बिलाल नाव आपण मुलांना हौसेने ठेवतो. त्याच बिलालसाठी सून शोधताना मात्र गोरी हवी असते.

अमेरिकेत काळ्या लोकांच्या इतिहासाचा महिना पाळतात, फेब्रुवारीत. त्याची सुरुवात एका शिक्षकाने केली म्हणून आम्हाला त्याचे अप्रूप जरा जास्त. कार्टर वुडसन हे त्यांचे नाव. आईवडील गुलामीत जन्मलेले. हे स्वतः कोळशाच्या खाणीत राबले, विसाव्या वर्षी हायस्कुलात गेले आणि १९१२ मध्ये हार्वर्डचे डॉक्टर झाले. आपल्या लोकांचा इतिहास शाळेच्या पुस्तकात नाहीच, हे पाहून त्यांनी १९२६ मध्ये एक आठवडा ठरवला. शाळांना धडे पुरवले, मासिक चालवले. १९७६ पासून त्या आठवड्याचा महिना झाला. आपल्या पुण्याचा या गोष्टीशी संबंध त्याही आधीपासूनचा. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ छापले ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण करून. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये तिथले विद्वान डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून काळ्या लोकांच्या लढ्याची माहिती मागवली होती.

पण आम्हाला शिरूर-दौंडच्या लोकांना अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही. नगर रोडने निघालो की तास-दीड तासात आपण एका हबशी माणसाच्या राज्यात पोहोचतो. खरे तर निघायच्या आधीच त्याच्या राज्यात उभे असतो.

मलिक अंबर. जन्म सुमारे १५४८ चा, हबशच्या हरार भागातला. घरचे नाव चापू. लहानपणीच विकला गेला. येमेनचे मोखा बंदर, मग बगदाद, असे मालक बदलत गेले. बगदादच्या मालकाने त्याला लिहावाचायला, हिशेब ठेवायला शिकवले. तिथे तो मुसलमान झाला आणि अंबर हे नाव मिळाले. पुढे तो दख्खनला आला तो अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याचा गुलाम म्हणून. हा चंगीझखानही हबशी आणि एके काळचा गुलामच. तो वारल्यावर त्याच्या बेवेने अंबरला मोकळे केले.

इथे जरा थांबले पाहिजे. अंबरला विकणारे आणि विकत घेणारे यांत आपल्यासारखीच नावे असलेले लोक होते. हा भाग गाळून फक्त ‘बघा, आमच्याकडे गुलामही वजीर झाला’ एवढेच मुलांना सांगणे आम्हाला पटत नाही. एक अंबर वजीर झाला. त्याच्याबरोबर जहाजात बसवलेल्या बाकीच्यांचे काय झाले, हे वर्गात कुणीतरी विचारतेच आणि विचारायलाच हवे.

१६०० मध्ये नगरचा किल्ला मुघलांनी घेतला. चांदबीबी मारली गेली. राज्य संपले असे दिल्लीने धरले. अंबरने निजामशाही घराण्यातला वारस शोधून गादीवर बसवला आणि पुढची पंचवीस वर्षे मुघलांना दख्खनमध्ये सुखाने झोपू दिले नाही. काही काळ राजधानी आपल्याच जिल्ह्यातल्या जुन्नरला होती. समोरासमोर मोठी लढाई टाळायची, रसद तोडायची, घाटात गाठायचे, रात्री छापा घालायचा, ही त्याची रीत होती आणि ती चालवणारे स्वार बहुतेक मराठे होते. मालोजीराजे, शहाजीराजे याच दरबारचे सरदार. पुणे आणि सुपे परगण्याची भोसल्यांची जहागीर निजामशाहीतली. (हे सुपे म्हणजे चौफुल्यावरून मोरगावला जाताना लागते ते. नगर रोडवरचे एमआयडीसीचे सुपे वेगळे. मुले दोन्हींत हमखास गोंधळतात, मोठी माणसेसुद्धा.)

१६२४ मध्ये मुघल आणि विजापूरकर एकत्र होऊन अंबरवर आले. नगरजवळ भातवडीला, आजच्या भातोडीला, गाठ पडली. अंबरने तळ्याचा बांध फोडून शत्रूच्या वाटेत चिखल केला, दाणावैरण तोडली, छापे घालून छावणी बेजार केली आणि मग हल्ला चढवला. दोन बादशाही फौजा मोडल्या. शहाजीराजे या लढाईत अंबरच्या बाजूने लढले आणि त्यांचे धाकटे बंधू शरीफजी तिथे पडले. मालोजीराजांनी आपल्या दोन्ही मुलांची नावे नगरच्या शाह शरीफ या पिरावरून ठेवली, असे सांगतात. हबशी वजीर, मराठा सरदार आणि पिराचे नाव लावणारा त्याचा भाऊ, हे सगळे एकाच फळीत उभे होते. ही गोष्ट आम्ही वर्गात सांगतो तेव्हा ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ अशा वाटण्या करून आलेली मुले एकमेकांकडे बघतात.

लढाईपेक्षा आम्हाला त्याचा सारा-वसुलीचा कारभार मोठा वाटतो. शिरूर-दौंडचा शेतकरी पावसाकडे डोळे लावून बसणारा. त्याला हे लवकर समजेल. गावाचा सारा मक्त्याने द्यायचा आणि मक्तेदाराने रयत पिळायची, ही पद्धत अंबरने बंद केली. जमिनीचा कस आणि प्रत्यक्ष पीक पाहून सारा ठरवला. गावगाड्याची मोडलेली वतने पुन्हा उभी केली. शहाजीराजांच्या जहागिरीतही पुढे हीच पद्धत चालली, असे स्कॉटिश इतिहासकार ग्रँट डफ याने लिहून ठेवले आहे. खडकी गाव त्याने १६१० मध्ये वसवले, म्हणजे पुढचे औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर. डोंगराचे पाणी जमिनीखालून उताराने शहरात आणणारी नहरे अंबरी त्याचीच.

जहांगीर बादशहाला तो कधीच सापडला नाही. त्याचा राग बादशहाने आत्मचरित्रात काळ्या रंगावरून शिव्या लिहून काढला. चित्रकार अबुल हसनकडून एक चित्रही करून घेतले, अंबरच्या कापलेल्या डोक्यावर बादशहा बाण मारतो आहे असे. ते चित्र आज डब्लिनच्या संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात अंबर ऐंशीच्या घरात पोहोचून १६२६ मध्ये वारला आणि खुलताबादला त्याची कबर आहे, शेजारी बीबी करीमाची. त्याच्या मरणानंतर मुघल दरबारच्याच इतिहासकाराने, मुतमदखानाने, त्याच्या युद्धकलेची आणि कारभाराची तारीफ केली. बादशहाची शिवी आणि बखरनवीसाची तारीफ, दोन्ही वर्गात शेजारी शेजारी ठेवाव्यात. त्यावर वेगळे भाष्य करावे लागत नाही.

१६२६ पासून मोजले तर २०२६ मध्ये चारशे वर्षे होतात. एवढे निमित्त पुरे आहे. शिरूरची शाळा सकाळी एसटीने निघून नगरचा किल्ला आणि भातोडीचे तळे पाहून संध्याकाळी परत येऊ शकते. दौंडकरांना तर मनमाड लाइनची गाडी दाराशीच आहे. दोन दिवस काढले तर दौलताबाद, खुलताबाद होते. सहलीला निघण्याआधी एक काम करावे, मुलांना ‘सिद्दी’ शब्दावर बोलते करावे. त्यांना सिद्दी म्हणजे जंजिरा आणि पन्हाळ्याचा वेढा घालणारा सिद्दी जौहर एवढेच ठाऊक असते. पण तो वेढा मोडायला शिवाजी महाराजांकडून गेलेल्या फौजेत सिद्दी हिलाल आणि त्याचा मुलगा वाहवाह हेही होते. मुलगा जखमी होऊन शत्रूच्या हाती लागला. हे कळले की मुलांच्या मनातला नकाशा बदलतो.

सिद्दी लोक काही फक्त इतिहासात नाहीत. कर्नाटकात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या जंगलपट्ट्यात त्यांची गावे आहेत, मुसलमान, हिंदू, ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे. गुजरातेत गीरजवळ जांबूर गाव आहे. तिथल्या हिराबाई लोबी यांना बायकांचे बचतगट आणि बालवाडी उभारल्याबद्दल २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. टीव्हीवर मात्र आपण त्यांचा धमाल नाच तेवढा पाहतो आणि चॅनेल बदलतो. बचतगट तर आपल्या मोहल्ल्यातही आहेत. हिराबाईंची बातमी एखाद्या बैठकीत वाचून दाखवायला दहा मिनिटे लागतील.

राहिले पुणे. सुदान, सोमालिया, इथिओपिया, नायजेरिया असे कुठून कुठून मुले तिथे शिकायला येतात. जुम्याला आपल्याच सफेत खांद्याला खांदा लावून उभी राहतात. सलाम फिरला की मात्र त्यांना खोली द्यायला घरमालक का-कू करतात आणि त्यांत आपलेही घरमालक असतात. आपल्यापैकी अनेकांची मुले पुण्यात शिकतात. त्यांनी सुट्टीत घरी येताना असा एखादा वर्गमित्र बरोबर आणावा. मोहल्ल्यात पोरे मागे लागतील, ‘कालू’ म्हणून ओरडतील, तेव्हा दारात उभ्या असलेल्या आजीने एकदा दटावले तर पन्नास भाषणांचे काम होते. त्याला त्याच्या गावाविषयी विचारावे, अंबरचे नाव सांगून पाहावे. तो हरारकडचा निघाला तर मग गप्पांना अंतच नाही.

बायोडेटामधली रंगाची ओळ मात्र आजच खोडता येईल. आमच्या ओळखीच्या दोन घरांनी ती खोडली. एका ठिकाणी पुढच्या लोकांनी फोन करून रंग विचारलाच. मुलीच्या आईने सांगितले, ‘आके देख लो, पढी हुई है.’ ते आले नाहीत. दुसरे आले आणि निकाह झाला.

पाहुण्याच्या जेवणाचे विचाराल, तर शीरखुर्मा सगळ्यांना चालतो, खिम्यात तिखट जपून घालावे. पाहुणा इथिओपियाचा असेल तर तीही काळजी नको. त्यांचा बर्बेरे मसाला आपल्या कांदा-लसूण मसाल्याला ऐकत नाही, आणि त्यांची आंबवलेल्या पिठाची इंजेरा पाहिली तर आपल्या आंबोळीची मोठी बहीण वाटावी.