जे बुडालं तर चालेल, तेवढंच बाहेर काढा

शुक्रवारी रात्री दीड वाजता माझं जहाज बुडालं.

घाबरू नका, खरं जहाज घ्यायची आमची ऐपत नाही. हे जहाज 'ईव्ह ऑनलाईन'मधलं. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आइसलंडच्या सीसीपी नावाच्या कंपनीने मे २००३ मध्ये सुरू केलेला हा अंतराळातला खेळ. ह्यात ठरलेली कथा नाही, शेवटी मारायचा राक्षस नाही, 'जिंकलो' असं म्हणायची सोय नाही. हजारो सूर्यमाला आणि त्यात हजारो माणसं एकाच वेळी. कुणी खाणी खोदतं, कुणी व्यापार करतं, कुणी सरळ दरोडे घालतं. जहाजं, तोफा, दारूगोळा हे बहुतेक सगळं खेळणाऱ्यांनीच बनवून बाजारात विकलेलं. आणि जहाज फुटलं की फुटलं. 'पुन्हा प्रयत्न करा' असं बटण नाही.

मी ह्या जगात व्यापारी आहे. (मराठी माणूस धंदा करत नाही म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.) जिटा नावाच्या मोठ्या बाजारपेठेतून माल उचलायचा आणि डोडिक्सीला नेऊन विकायचा. शुक्रवारी मी तीन महिन्यांची सगळी कमाई एकाच फ्रेटरमध्ये भरली. फ्रेटर म्हणजे पोटात डोंगर मावेल असं, पण बैलगाडीच्या वेगाने जाणारं मालवाहू जहाज. ऑटोपायलट लावला आणि चहा टाकायला उठलो. ऑटोपायलट जहाजाला थेट दारात नेत नाही. दहा-पंधरा किलोमीटर अलीकडे सोडतो आणि मग तिथून रांगत रांगत नेतो. उएडामा नावाची एक सूर्यमाला ह्याच गोष्टीसाठी बदनाम आहे. चहा घेऊन परत आलो तर फ्रेटर नव्हतं. मी एका छोट्या कुपीत बसून अवकाशात तरंगत होतो.

पोलीस आले होते. कॉन्कॉर्ड त्यांचं नाव. त्यांनी हल्लेखोरांची सगळी जहाजं फोडलीसुद्धा. पण कॉन्कॉर्डचं काम शिक्षा करणं आहे, वाचवणं नाही. दरोडेखोरांची जहाजं स्वस्तातली होती आणि ती जाणार हे त्यांनी हिशोबात आधीच धरलेलं होतं. जहाज फुटतं तेव्हा साधारण निम्मा माल नष्ट होतो आणि निम्मा वाचतो. तो वाचलेला निम्मा त्यांच्या साथीदाराने येऊन उचलला. विम्याचे पैसे मला मिळाले, पण विमा जहाजाचा असतो, मालाचा नाही.

सुट्टीला आलेला भाचा जागाच होता. तो म्हणाला, "अरे मामा, रिपोर्ट मार ना त्यांना! बॅन होतील."

"अरे, त्यांनी नियम मोडलेलाच नाही."

"म्हणजे? तुझं सगळं नेलं आणि नियम नाही मोडला?"

हा प्रश्न त्याचा एकट्याचा नाही, म्हणून हा लेख. खरं सांगायचं तर तो झोपल्यावर मीसुद्धा कंपनीला एक लांबलचक तक्रार लिहायला घेतली होती. 'मी इतकी वर्षं खेळतोय, एवढा माल परत करावा, नम्र विनंती.' अर्ध्यावर आलो, एकदा वाचलं, स्वतःचीच लाज वाटली आणि पुसून टाकलं.

तर माझं म्हणणं असं, की अशा खेळात झालेला तोटा परत मागणं हे खेळाच्या मुळावर येणारं मागणं आहे. ज्यांना हे मान्य नाही त्यांनी पुढे वाचून मला शिव्या घालाव्यात.

माझ्या मालाला किंमत का होती? डोडिक्सीत तो महाग विकला जाणार होता म्हणून. तिथे महाग का? कारण तिथवर माल नेण्यात धोका आहे. वाटेतला दरोडेखोर काढून टाका, मग माझी तीन महिन्यांची कमाईही नाहीशी होते, कारण मग कुणीही ऑटोपायलट लावून झोपेल आणि माल सगळीकडे सारख्याच भावाने मिळेल. शिवाय फुटणाऱ्या प्रत्येक जहाजाच्या जागी कुणीतरी नवीन विकत घेतं. त्यासाठी कुणीतरी खनिज खोदतं, कुणीतरी जहाज बांधतं. जहाजं फुटायची थांबली तर महिन्याभरात त्या कारखानदाराचं दुकान बंद. ज्या दरोडेखोराला मी त्या रात्री शिव्या घातल्या, त्याच्याच जिवावर मी इतके दिवस नफा खात होतो.

धोका काढून टाकल्यावर काय होतं ह्याचा प्रयोग आधी होऊन गेला आहे. 'अल्टिमा ऑनलाईन' हा सप्टेंबर १९९७ मध्ये सुरू झालेला खेळ, ह्या सगळ्या मंडळींचा आजोबा. तिथे गावाबाहेर पाऊल टाकलं की कुणीही तुम्हाला मारून अंगावरचं सगळं काढून घेई. तक्रारींचा पाऊस पडला. २००० साली कंपनीने जगाची दुसरी प्रत काढली. जुनं जग फेलुका, नवं जग ट्रॅमल. ट्रॅमलमध्ये तुमच्या संमतीशिवाय कुणी तुम्हाला मारू शकत नाही. लोक धावत ट्रॅमलला गेले आणि फेलुका ओस पडलं. त्यानंतर खेळणाऱ्यांची संख्या वाढली, हेही सांगितलं पाहिजे. माझ्या बाजूचे लोक हे सांगत नाहीत, ही लबाडी आहे. धंदा म्हणून तो निर्णय चुकला असं म्हणायला मी धजावणार नाही. पण ट्रॅमलमध्ये रस्त्यात भेटणाऱ्या अनोळखी माणसाबद्दल विचार करायचं कारणच उरलं नाही. तो मित्र आहे की चोर, ह्याच्याशी आपल्याला काही देणंघेणं नाही. ज्याला हे हवं त्याच्यासाठी असे खेळ ढिगाने आहेत. जिथे अनोळखी माणसाला अजून अर्थ आहे अशी दोन-चार जगं उरली आहेत, तेवढी तरी राहू द्या.

इथपर्यंत वाचून जुने खेळाडू टाळ्या वाजवत असतील. थांबा, तुमच्याकडेच येतोय.

जहाज गेलेल्या माणसाला तुम्ही काय ऐकवता? 'जे गमावणं परवडत नाही ते उडवू नये.' ईव्हमधला हा पहिला नियम, आणि नियम सोन्यासारखा आहे. पण तुम्ही तो सल्ला म्हणून देत नाही, जखमेवर मीठ म्हणून चोळता. वर 'खेळच तर आहे, रडतोस काय' हेही असतंच. म्हणजे एकीकडे सांगायचं की इथला तोटा खरा आहे म्हणून हा खेळ थोर, आणि दुसरीकडे तोटा झालेल्याला म्हणायचं की ह्यात खरं काय आहे! एक काहीतरी ठरवा. जहाज आभासी असेल, पण त्यात गेलेल्या माझ्या संध्याकाळी आभासी नव्हत्या. वाईट वाटणारच, आणि वाटू द्यावं.

दुसरं म्हणजे प्रत्येक तोटा पवित्र नसतो. पूर्वी ईव्हमध्ये कुपी फुटून मेलात आणि तुमचा क्लोन योग्य दर्जाचा विकत घेतलेला नसला, तर शिकलेलं कौशल्यच काही अंशी पुसलं जाई. जितका जुना खेळाडू तितका क्लोन महाग. ह्याचा परिणाम काय? जुनी माणसं स्वस्तातल्या मजेच्या लढाईलाही बाहेर पडेनात, कारण जहाजापेक्षा मरण महाग. डिसेंबर २०१४ मध्ये सीसीपीने हा नियम काढून टाकला, आणि उत्तम केलं. तेव्हाही 'खेळ मऊ झाला' म्हणून गळे काढणारे होतेच. माझी कसोटी साधी आहे. ज्या तोट्याच्या आधी तुम्ही काही निर्णय घेतलेला असतो, तो तोटा खेळाचा भाग. ज्याच्या आधी निर्णयच नसतो, तो नुसता दंड. सगळा माल एका जहाजात भरायचा हा माझा निर्णय होता. चहा टाकायला उठायचं हाही माझाच.

२०१५ साली सीसीपीने स्वतःच्या मेळाव्यात काही आकडे मांडले होते. साधारण ८० हजार नव्या खेळाडूंचे पहिले पंधरा दिवस त्यांनी तपासले. बेकायदा हल्ल्यात जहाज गमावलेले जेमतेम एक टक्का निघाले, आणि गंमत म्हणजे तेच जास्त काळ टिकले. ज्यांना कुणी हातही लावला नाही ते लवकर सोडून गेले. हे आकडे दाखवून दरोडेखोर मंडळी 'आम्ही समाजसेवा करतो' म्हणतात. अहो, जो जास्त खेळतो, जास्त फिरतो, तोच मारला जाण्याची शक्यता जास्त आणि टिकण्याचीही. कोंबडा आरवला म्हणून सूर्य उगवत नाही. एवढं मात्र त्यातून दिसतं, की तोट्याने नवे लोक पळून जातात ही ओरड खरी नाही. काही घडतच नाही म्हणून ते जातात.

मग तोटा सोसायचा कसा? मोठ्या आघाड्यांकडून शिकावं. २७ जानेवारी २०१४ ला बी-आर५आरबी नावाच्या सूर्यमालेत एका आघाडीचं ताब्याचं बिल भरायचं राहिलं. (हो, बिल! महावितरणची आठवण येते की नाही?) ताबा सुटला, शत्रू आत घुसला आणि साधारण २१ तास लढाई चालली. साडेसात हजारांवर माणसं त्यात होती. टायटन नावाची सगळ्यात अजस्र जहाजं, ती ७५ फुटली. डॉलरमध्ये हिशोब मांडला तर नुकसान तीन लाखांच्या घरात गेल्याचा अंदाज होता. तरीही त्या आघाड्या दुसऱ्या दिवशी उभ्या होत्या. कारण तिथे नुकसान एकट्याचं नसतं. ताफ्याबरोबर जाऊन जहाज गमावलं तर आघाडीच्या तिजोरीतून भरपाई मिळते आणि तिजोरी सगळ्यांच्या करातून भरते. आपली भिशीच म्हणा ना. फक्त भिशी चालवणारा नीट बघून घ्या. जून २००९ मध्ये ईबँक नावाच्या खेळाडूंच्याच बँकेच्या प्रमुखाने सुमारे २०० अब्ज इस्क (हे इथलं चलन) उचलले. त्याला खेळातून काढलं, पण चोरीबद्दल नव्हे. ते चलन त्याने बाहेर खऱ्या पैशाला विकलं म्हणून.

हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि माझी खरी कबुली इथेच आहे. तीन महिन्यांची कमाई गेली असं वर लिहिलं, ते अर्धसत्य आहे. त्या मालातला एक भाग मी प्लेक्स विकून घेतला होता. प्लेक्स ही २००८ पासूनची सोय. खरे पैसे देऊन ते घ्यायचे आणि खेळातल्या बाजारात इस्कला विकायचे. कायदेशीर आहे, कंपनीच विकते. एका रात्री 'पटकन भांडवल उभं करू' म्हणून मी कार्ड पुढे केलं. बायकोला सांगितलं नव्हतं. शनिवारी सकाळी सांगितलं. तिने रक्कम विचारली, थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "जहाज गेलं त्याचं काही नाही रे. पण हे तू मला आज सांगतोयस." ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

२०१० मध्ये प्लेक्स जहाजातून नेता येऊ लागले आणि लगेचच कुणाचं तरी ७४ प्लेक्स भरलेलं एक छोटं जहाज जिटात फुटलं. हजारावर डॉलर गेले. तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. मीही.

म्हणून त्या सोन्यासारख्या नियमात मी दुरुस्ती सुचवतो. 'परवडतं' का हे ठरवताना वहीत तीन रकाने करा. पहिला इस्कचा. तो खुशाल बुडू द्या, त्यासाठीच तो आहे, फक्त एका जहाजात सगळं कोंबू नका. दुसरा तासांचा. भारतात बसून युरोपातल्या लोकांबरोबर खेळायचं म्हणजे आपली मध्यरात्र त्यांची संध्याकाळ. झोपेत घेतलेले निर्णय महाग पडतात, आणि जहाज गेल्यावर सूड म्हणून त्याच रात्री दुसरं काढणं तर हमखास. हे तास बाहेर पडण्याआधी मोजा. तिसरा रकाना रुपयांचा. तो कोरा ठेवा. वर्गणी भरलीत ती मनोरंजनाची फी, सिनेमाच्या तिकिटासारखी. त्यापलीकडे एक रुपयाही धोक्यात जाणाऱ्या मालात घालू नका. कारण मग तो धोका तुम्ही एकट्याने पत्करलेला नसतो, घरातल्यांना न विचारता त्यांनाही जहाजात बसवलेलं असतं.

आणि हा हिशोब जहाज फुटल्यावर करायचा नसतो. स्थानकातून बाहेर पडताना 'हे गेलं' असं लिहून टाका. पोचलं तर जमेला धरा. ज्याला हे जमत नाही त्याने स्थानकातच बसावं. मात्र मग बाहेरच्या जगाला कुंपण घाला म्हणून कंपनीच्या दारात ओरडू नये.

रविवारी दुपारी मी एक छोटं, चपळ जहाज घेतलं. ह्यावेळी माल एकदशांश, ऑटोपायलट बंद, चहा आधीच पिऊन घेतलेला. भाचा शेजारी बसून बघत होता. उएडामाच्या दारातून बाहेर पडताना त्याने श्वास रोखून धरला होता. पलीकडे पोचल्यावर म्हणाला, "मामा, परत जाऊ या का एकदा?"

असो. ज्यांना राग आला असेल त्यांनी ह. घ्या.

ता. क. : कार्डाचा नंबर खेळाच्या खात्यातून काढून टाकला आहे. पासवर्ड बायकोकडे. :)