एकदा ते झालं की मग…



मागच्या महिन्यात एका रविवारी रात्री साडेअकराला माझ्या भाच्याचा बंगळुरूहून फोन आला. एवढ्या रात्री फोन वाजला की आधी काळजात धस्स होतं. "मावशी, झोपली नव्हतीस ना? एक विचारायचंय. पण आईला सांगू नकोस."

हा मुलगा तुमच्यातलाच एक. इंदूरमध्ये वाढलेला, घरात मराठी आणि गल्लीत हिंदी बोलणारा. इंजिनिअरिंगची शेवटची दोन वर्षं त्याला एकच ध्यास होता, एका ठरावीक कंपनीतली नोकरी. दोनदा नकार आला, तिसऱ्यांदा जमलं. त्या दिवशी ताईने अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले. आता सहा महिने झालेत. पगार वेळेवर, साहेब चांगला, खोलीही मनासारखी.

"सगळं मिळालं गं," तो म्हणाला, "पण मला काही वाटतच नाहीये. पहिले पंधरा दिवस हवेत होतो. आता नुसता सोमवार येतो आणि जातो. माझ्यातच काही बिघाड आहे का?"

लोकांना एवढंही मिळत नाही रे बाबा, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण गिळलं. आधी विचारलं, झोप लागते का, जेवतोस का, मित्रांशी बोलतोस का? या गोष्टी आठवडेच्या आठवडे बिघडल्या असतील, तर ते मावशीचं नव्हे, डॉक्टरांचं काम असतं आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण ते सगळं ठीक होतं. मग मी त्याला माझ्या ओट्याची गोष्ट सांगितली.

लग्न होऊन मी आले ती राजवाड्याजवळच्या एका जुन्या घरात. दुसरा मजला, सात माणसं, एक स्वयंपाकघर. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड यायचं, तेही खालच्या नळाला. बादल्या भरून जिना चढायचा. अकरा वर्षं मी एकच स्वप्न पाहिलं: आपलं वेगळं स्वयंपाकघर आणि त्यात काळ्या ग्रॅनाइटचा ओटा. एकदा तो झाला की मग मी कुणावर चिडणार नाही. मग सकाळचा चहा निवांत पिईन. मग बंद पडलेलं गाणं पुन्हा सुरू करीन.

फ्लॅट झाला. महिनाभर मी तो ओटा दिवसातून चार वेळा पुसला. दिवाळी येईपर्यंत तो नुसता ओटा झाला होता आणि मी शेजारच्यांच्या मोठ्या बाल्कनीकडे बघायला लागले होते. चिडचिड तशीच होती. तंबोऱ्याची गवसणी काही उघडली नाही.

तेव्हा मला वाटलं होतं, मीच कृतघ्न. पण हा अनुभव माझ्या एकटीचा नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डॅनियल गिल्बर्ट, टिमोथी विल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नोकरीत कायम झालात तर किती सुखी व्हाल, नाही झालात तर किती दुःखी, असं त्यांनी विद्यापीठातल्या तरुण प्राध्यापकांना विचारलं. पुढची काही वर्षं तरी मोठा फरक पडेल, असं त्यांना वाटत होतं. मग ज्यांचा निकाल आधीच लागला होता, त्यांना गाठलं. कायम झालेले आणि न झालेले यांच्या सुखात फारसं अंतर नव्हतं! आपल्याला काय हवं ते कळतं, पण मिळाल्यावरचा आनंद किती दिवस टिकेल, याचा अंदाज मात्र हमखास चुकतो.

त्याआधी, १९७८ साली, लॉटरी लागलेल्या २२ अमेरिकन लोकांची तुलना २२ सामान्य लोकांशी केली गेली होती. विजेते फारसे जास्त सुखी निघाले नाहीत. उलट मित्राशी गप्पा, सकाळचा नाश्ता, एखादं मासिक वाचणं, अशा रोजच्या गोष्टींत त्यांना इतरांपेक्षा कमी मजा वाटत होती. आपल्या भाषेत सांगायचं तर लॉटरी लागली आणि पोह्यांची चव गेली.

पण म्हणून "पैशात काय ठेवलंय" असं म्हणायचीही घाई नको. तो अभ्यास अगदी लहान होता. स्वीडनमध्ये लॉटरी खेळणाऱ्या तीन हजारांहून जास्त लोकांवरचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मोठी रक्कम मिळालेले लोक कित्येक वर्षांनंतरही आपल्या आयुष्याबद्दल जास्त समाधानी दिसले. रोजच्या आनंदात मात्र फरक बराच कमी होता.

हे मला लगेच पटलं. कारण त्या फ्लॅटमधल्या एका गोष्टीचं सुख आजही शिळं झालेलं नाही. ती गोष्ट म्हणजे स्वयंपाकघरातला नळ. बादली घेऊन जिना चढावा लागत नाही, याचं बरं मला अजून वाटतं. ओटा चार लोकांना दाखवायचा होता, नळाने माझे रोजचे कष्ट वाचवले. तेव्हा मुलांनो, चांगली नोकरी, हक्काचं घर यांची इच्छा खुशाल धरा, मेहनतही करा. फक्त त्या इच्छेवर "की मग" चं ओझं टाकू नका. नोकरी पगार देईल. ती मैत्री, छंद, मनाची शांती आपोआप घेऊन येणार नाही.

एवढं ऐकून भाचा म्हणाला, "बरोबर आहे. एकदा प्रमोशन झालं की मग बघतो." आणि स्वतःच हसला.

मी विचारलं, "गेल्या दोन वर्षांत तू सगळ्यात आनंदात कधी होतास?"

जरा वेळ गप्प राहून म्हणाला, "अभ्यास संपवून रात्री बाराला आम्ही तिघं सराफ्यात गराडू खायला जायचो, तेव्हा."

"अरे, तेव्हा तर तू नोकरी नाही म्हणून रडत होतास!"

"हो ना," तो म्हणाला. मग दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही. ज्या दिवसांना तो वाट बघण्याचे दिवस समजत होता, त्यांतच त्याचं सुख होतं आणि तेव्हा ते मोजायला त्याला सवड नव्हती.

त्या तिघांतला एक मित्र आता हैदराबादला आहे, दुसरा इंदूरमध्येच. चार महिन्यांत एकमेकांना फोन नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने दोघांनाही केला. त्याने सगळं बदललं असं नाही. सोमवार अजून सोमवारच आहे, पण बुधवारी रात्री तिघांच्या गप्पा ठरलेल्या असतात.

आणि मी? दुसऱ्याला शहाणपण शिकवून झालं की आपल्या घरात बघावं लागतं. परवा तंबोऱ्याची गवसणी काढली. चारातली एक तार तुटलेली निघाली. नवी तार आणायला सांगितली आहे. पण तार आली की मग, असं नाही म्हणणार. सध्या तीन तारांवरच सकाळी दहा मिनिटं बसते. आवाज बसलाय, घरचे हसतात. चहा मात्र छान लागतो.

तुमचं "एकदा ते झालं की मग" काय आहे? आणि त्यातलं "मग" आजच थोडंसं सुरू करता येईल का? जरूर कळवा.