नवकंकरी

सारीपाटांत हरल्यास दोष फांशांवर ढकलतां येतो. नवकंकरींत ती सोय नाहीं. एकांत एक तीन चौकोन, २४ घरें, प्रत्येकाचे ९ खडे. तीन खडे एका ओळींत आणले कीं प्रतिपक्षाचा एक उचलावा. ज्याचे दोनच उरले किंवा चाल खुंटली, तो हरला. १९९३ सालीं राल्फ गॅसर यांनी संगणकाच्या साह्यानें दाखविलें कीं, दोघेही न चुकल्यास डाव बरोबरींत सुटतो. म्हणजे हार ही आपलीच चूक! आजीकडून हरलेल्या नातवास हें कळावें, म्हणून हा खेळ घरांत असावा, असें आम्हांस वाटतें. नाशिकच्या पांडवलेण्यांत असे पट कातळांत कोरलेले आहेत. ते पायांखालीं झिजतील. घरच्या फरशीवर मात्र खडूनें पट रोज नवा आखतां येतो.